आधी धक्का की आधी फटाका

इंग्लंडमधल्या वाँटेज गावाच्या बाजारचौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे. त्याला वळसा घालताना मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि मागे असा बार उडाला की पुतळ्यावरची कबुतरं एकदम आभाळात गेली. कुत्रं फिरवणारे एक गृहस्थ जागच्या जागी उडाले. मी हात वर करून ‘सॉरी’ म्हणालो, तेवढ्यात दुसरा बार. छत उघडी गाडी असल्यामुळे लपायलाही जागा नव्हती.

गाडी १९६९ची एमजीबी रोडस्टर. सांगलीच्या नातेवाइकांना मी ‘एमजी घेतली’ असं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेक्टर आली. फोटो पाठवल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता होती. दोन माणसांपुरती जागा, कापडी छत, तारांची चाकं, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि शेजारी शेजारी दोन एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारी यंत्रं. ही गाडी माझ्या घरापासून फार लांब बनलेली नाही. अ‍ॅबिंग्डनचा तो कारखाना १९८०मध्ये बंद झाला, पण आमच्या भागात अजून पेट्रोल पंपावर एखादा म्हातारा जवळ येऊन ‘मी तिथे कामाला होतो’ म्हणतो आणि मग पंधरा मिनिटं जातात.

पहिला बार ऑगस्टच्या अखेरीस उडाला. मोठ्या रस्त्यावर ताशी पन्नास मैलांनी, पाय हलका ठेवून निवांत चाललं की मध्येच होई. कधी दोन मैलांत तीनदा, कधी आठवडाभर काही नाही. दारात उभी करून कितीही रेस दिली तरी गाडी शिवणयंत्रासारखी चाले. ज्याला दाखवायला न्यावी त्याच्यापुढे ती शहाण्यासारखी वागायची, लहान मुलं डॉक्टरपुढे वागतात तशी.

बॅकफायर हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या दुखण्यांना वापरतो. एक दुखणं पुढचं: कार्बोरेटर शिंकतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की ते सावकाश जळतं, इतकं सावकाश की पुढच्या फेरीला इनटेक व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही सिलिंडरमध्ये आग शिल्लक असते, आणि ती उलटी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे मिश्रण आत आणणाऱ्या नळीत शिरते. दुसरं मागचं: न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपात जाऊन साठतं आणि तिथे पेटतं. माझं दुखणं मागचं होतं, याबद्दल शंका नव्हती, कारण सप्टेंबरच्या मध्यावर मागच्या सायलेन्सरची शिवणच उसवली. म्हणजे शोधायचं एवढंच होतं की न जळलेलं पेट्रोल तिथवर पोहोचतं कसं.

एवढं कळत असूनही मी पुढचे सहा आठवडे कार्बोरेटरमध्ये घालवले.

याला कारण आहे. एसयू कार्बोरेटर ही हात लावावासा वाटणारी वस्तू आहे. वरची घुमटी काढली की आत एक पिस्टन, त्याच्या खाली निमुळती सुई, आणि ती सुई पितळी जेटमध्ये वरखाली होते. इंजिनानं जास्त हवा ओढली की पिस्टन वर, सुई वर, जेटचं भोक मोठं, पेट्रोल जास्त. घुमटीत वरून तेल घालायचं, म्हणजे पिस्टन एकदम उडी मारत नाही. मिश्रण नेमकं आहे का हे बघायची पद्धत तर इतकी साधी की तिच्या प्रेमातच पडावं: इंजिन चालू ठेवून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी आहे, आणि क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. मग जेटखालचं षटकोनी नट एकेक बाजू फिरवत बसायचं. रविवारची सकाळ कशी जाते कळत नाही.

मी दोन्ही कार्बोरेटर उतरवले, धुतले, नव्या सुया आणि जेट घातले, पॅकिंग बदललं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून बघितलं तेव्हा मागच्या कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलपाशी, म्हणजे हवेची झडप ज्या दांडीवर फिरते तिथे, इंजिनचा सूर बदलला. म्हणजे तिथून हवा घेत होता. सापडला चोर! एवढा आनंद मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. पण स्पिंडलमधली एवढीशी गळती आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची संथ चाल बिघडवते, ताशी पन्नासला सायलेन्सर फोडत नाही. हे तेव्हाही मला कळायला हवं होतं. पण शोधताना काहीतरी सापडलं की तेच ते, असं वाटतं.

मधे एका गॅरेजवाल्यालाही दाखवली. त्यानं एक चक्कर मारली, गाडीनं अर्थातच काही केलं नाही, आणि त्यानं एथनॉलवर खापर फोडलं. इथे २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के एथनॉल असतं. एथनॉलमुळे मिश्रण थोडं विरळ होतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब होतात, दोन्ही खरं. पण मी पहिल्यापासून महागडं, पाच टक्क्यांचं पेट्रोल घालतो, हे त्याला दोनदा सांगूनही त्यानं तिसऱ्यांदा तेच सुचवलं आणि वर तासाचे पैसे लावले.

मग एक्झॉस्टच्या जोडाकडे वळलो. पाय उचलल्यावर मागे फुटफुट होण्याचं ते नेहमीचं कारण असतं: जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेल्या पेट्रोलला जळायला प्राणवायू मिळतो. पितळी नट काढले, नवी पॅकिंग घातली, सायलेन्सर बदलला. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते तपासलं, इंजिन बंद ठेवून दहा अंश, बरोबर होतं. प्लग काढले, चारही बिस्किटाच्या रंगाचे. प्लग बघून तर मला गाडीचा रागच आला. इतके सुंदर प्लग असलेल्या गाडीला फटाके फोडायचं कारणच काय?

नोव्हेंबरच्या पाच तारखेला इथे गाय फॉक्सच्या नावानं गावोगाव होळ्या पेटतात आणि आतषबाजी होते. दिवाळीही तेव्हा नुकतीच झाली होती. त्या आठवड्यात मी गाडी रोज बाहेर काढली. कुणीही वळून बघितलं नाही.

मामांना फोन केला तो दिवाळीच्या शुभेच्छांचा. मामांचं सांगलीत एसटी स्टँडच्या मागे गॅरेज होतं, चाळीस वर्षं फियाट आणि अ‍ॅम्बेसिडर उघडण्यात गेली. आता गुडघ्यांमुळे बसून असतात. त्यांना मी गाडीचं काही सांगत नसे, कारण या गाडीवर मी किती पैसे घालतो हे मग आईपर्यंत जातं. पण त्या दिवशी राहवलं नाही. स्पिंडल, सुया, एथनॉल, जोड, सगळं रामायण सांगितलं. मामांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग म्हणाले,

“आधी धक्का बसतोय का आधी फटाका वाजतोय?”

“म्हणजे?”

“अरे, गाडी गचका खाती का? खाती तर कधी खाती? फटाक्याच्या आधी का नंतर?”

मला सांगता येईना. अडीच महिने मी त्या आवाजाची वाट बघत गाडी चालवली होती, आणि आवाज आला की दचकत होतो. आवाजाच्या आधी काय होतं याकडे लक्षच नव्हतं.

“बघ आणि मग सांग,” मामा म्हणाले. “आधी गचका असंल तर कार्बोरेटरला हात लावू नको. करंट तुटतोय. करंट तुटला की पेट्रोल तसंच कच्चं मागं जातंय. परत करंट आला की पुढचा जाळ मागं जाऊन त्याला पेटवतोय. आमच्याकडं दहातल्या आठ कार्बोरेटरच्या तक्रारी डेल्कोत निघायच्या.”

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगांना पाळीपाळीनं ठिणगीचा करंट वाटणारा. आमच्याकडच्या गॅरेजांत तो कुठल्याही कंपनीचा असला तरी डेल्कोच, जसा कुठलाही वनस्पती तुपाचा डबा डालडाच. माझ्या गाडीतला लुकासचा आहे.

दुसऱ्या दिवशी बायकोला शेजारी बसवलं, तिच्या हातात फोन दिला आणि आरपीएमच्या घड्याळाचं शूटिंग करायला सांगितलं. ती म्हणाली, “गार वाऱ्यात छत उघडून काट्याचं शूटिंग. लग्नाआधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.” पण तिनं ते केलं, हलू न देता, अकरा मैल. वाँटेजहून अफिंग्टनकडे जाणारा रस्ता टेकडीच्या पायथ्यानं जातो, वर गवतात कोरलेला पांढरा घोडा. त्या रस्त्यावर दोन बार मिळाले.

घरी येऊन चित्र एकेक चौकट पुढे सरकवत बघितलं. काटा २७००वर स्थिर. पुढच्या चौकटीत तो खाली निघालेला, मग थेट हजाराच्याही खाली. फोन किंचित हलतो, तो गचका. काटा वर यायला लागतो. आणि मग आवाज.

ही गोष्ट मला किती बोलकी वाटली ते सांगायला हवं. गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे, क्लचवर पाय नाही, चाकं इंजिनला फिरवताहेतच. इंजिनचा वेग अर्ध्या सेकंदात २७००वरून हजारावर येणं शक्यच नाही. म्हणजे काटा इंजिनचा वेग दाखवत नव्हता. ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवते ती कॉइल, आणि या गाडीतलं आरपीएमचं घड्याळ कॉइलकडे जाणाऱ्या करंटचे ठोके मोजतं. ठोके थांबले म्हणून काटा पडला. बिघाड प्लगच्या जाड वायरींत किंवा कॅपमध्ये असता तर ठिणगी चुकली असती पण काटा जागचा हलला नसता. काटा पडतो त्याअर्थी तुटतंय ते विजेच्या कमी दाबाच्या बाजूला: इग्निशनची किल्ली, तिथून घड्याळ, तिथून कॉइल, कॉइलपासून डिस्ट्रिब्युटर, आत सीबी पॉइंट, म्हणजे हा करंट जोडणारी-तोडणारी टोकं. सगळं मिळून चारपाच जोड. आणि हा काटा अडीच महिने माझ्या नाकासमोर पडत होता.

किल्लीचा संशय पहिला. पन्नास वर्षांचा किल्लीचा स्विच, आतले पत्रे झिजलेले असणार. ती वगळून बघायला बॅटरीच्या लाइनवरून फ्यूज लावलेली वायर थेट कॉइलला जोडली. यात एक गंमत अशी की किल्ली फिरवून गाडी बंद होत नाही. आरपीएमचं घड्याळही मेलेलं असतं. मी तशीच गाडी घेऊन गेलो, बार उडाला, म्हणजे किल्ली निर्दोष, घड्याळही निर्दोष. हे सिद्ध करून मी वाँटेजच्या त्याच चौकात थांबलो, बॉनेट उघडून वायर उपटून इंजिन बंद केलं, आणि एका पोरानं आईला विचारलं की हा माणूस गाडी चोरतोय का.

रात्री मामांना पुन्हा फोन. आता ते वाटच बघत होते.

“आयडलला कधी होतंय?”

“नाही.”

“चढाला, फुल रेसमध्ये?”

विचार केला. “नाही. पाय हलका असताना. आणि सोडला की.”

“मग व्हॅक्युमची नळी काढ, तोंड बंद कर आन चालव.”

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक चपटी डबी असते, तिच्यातून बारीक नळी कार्बोरेटरला जाते. हलक्या पायानं गाडी चाललेली असताना कार्बोरेटरकडून ओढ बसते, डबीतला पडदा मागे सरकतो आणि सीबी पॉइंट ज्या पत्र्यावर बसवलेले असतात तो पत्रा थोडा फिरवतो, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडते. पाय पूर्ण दाबला की ओढ जाते, पूर्ण सोडला तरी जाते, पत्रा परत जागेवर. माझ्या गाडीत दारात उभ्या उभ्या रेस देताना तो पत्रा क्षणभरच हलत असणार. रस्त्यावर मात्र तो मिनिटन् मिनिट ओढलेल्या अवस्थेत राहतो.

नळी काढली, टोकात स्क्रू खुपसला. वीस मैल गेलो. एक बार नाही. पेट्रोल थोडं जास्त गेलं असेल, पण गाडी गप्प. एवढ्या शांततेत मला पहिल्यांदा गाडीच्या मागच्या बाजूला टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची टिकटिक ऐकू आली.

आता जे केलं ते शेजाऱ्यानं कुंपणावरून बघितलं आणि अजून त्याबद्दल विचारलेलं नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, रोटर काढला. मल्टिमीटरची एक पिन बाहेरच्या टर्मिनलला, दुसरी आत सीबी पॉइंटच्या पट्टीला. शून्य ओहम, उत्तम. मग व्हॅक्युमची नळी तोंडात धरली आणि ओढली. पत्रा टचकन फिरला. मीटरवर शून्य. अजून जोरात ओढली, जीभ नळीच्या तोंडावर लावून धरली. मीटर शून्य, शून्य, आणि मग आकडा नाहीसा. जीभ काढली, शून्य परत आलं. मी ते सहासात वेळा केलं. गरज एकदाचीच होती.

बाहेरच्या टर्मिनलपासून सीबी पॉइंटपर्यंत दोनेक इंचांची वायर असते. पत्रा फिरतो तशी तीही दर वेळी वाकते, म्हणून मुळात ती अगदी मऊ, केसासारख्या बारीक तारांची असते. माझ्या गाडीत आधीच्या कुणा मालकानं तिच्या जागी घरातल्या दिव्याला वापरतात तसली साधी वायर बसवली होती. बाहेरून तिला ओरखडासुद्धा नव्हता. चिमटीत धरून वाकवली तर मधे एके ठिकाणी ती मऊ लागली, काडी मोडावी आणि साल शाबूत राहावी तशी. आत तारा तुटलेल्या. पत्रा जागेवर असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकत, पत्रा ओढला गेला की सुटत.

नवी वायर आणि सोबत पत्र्याची अर्थिंगची छोटी विणलेली तार, दोन्ही मिळून पोस्टाच्या खर्चासकट आठ पौंडांना आली. बसवताना मी एक घोळ घातला. वायरीचं आणि कंडेन्सरचं टोक प्लॅस्टिकच्या बुशवर बसून पट्टीला टेकलं पाहिजे पण मधल्या खिळ्याला टेकता कामा नये. मी दोन्ही टोकं बुशच्या खाली घातली. सगळा करंट सरळ अर्थिंगला. स्टार्टर पाच मिनिटं फिरवला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पुन्हा उघडलं, नीट बसवलं, फीलर गेजनं गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश ठेवला, टायमिंग पुन्हा बघितलं, नळी जोडली.

बऱ्याच जणांनी सुचवलं की पॉइंट काढून टाक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव. त्यानं गाडी सुधारली असती, कारण वायर बदलली गेली असती. आणि मी जन्मभर सांगत फिरलो असतो की पॉइंटच खराब होते. मला पॉइंट ठेवायचे आहेत. रस्त्याच्या कडेला कानशीच्या दोन घासांत ते चालू होतात, आणि ते काय करताहेत हे डोळ्यांनी दिसतं.

रविवारी अफिंग्टनपर्यंत आणि तिथून फॅरिंग्डनमार्गे परत, चाळीसेक मैल. हलक्या पायानं, मुद्दाम पाय सोडत, धरत, सोडत. बायकोनं फोन काट्यावर धरला होता. काटा ढिम्म. तिनं पाचव्या मैलाला शूटिंग बंद केलं आणि घोड्याचे फोटो काढले. मागच्या कार्बोरेटरचं स्पिंडल अजून हवा घेतंय. ते उन्हाळ्यात बघू.

घरी आल्यावर दारातच इंजिन चालू ठेवून मामांना व्हिडिओ कॉल लावला. आधी तुटकी वायर कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “एवढीशी?” म्हणाले. मग मी फोन बॉनेटखाली नेला, म्हणजे त्यांना गाडीचा सूर ऐकू यावा. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, खूश आहेत.

“टॅपेट कधी बघितलेस?” मामांनी विचारलं. “तिसऱ्या सिलिंडरचा एक वाजतोय.”